वीज जात पाहत नाही म्हणे! मग ओल्या फरशीवर कोण उभा असतो?

कारखान्यात शॉक लागून कंत्राटी कामगार मेला की दुसऱ्या दिवशी ठरलेले वाक्य ऐकू येते : "कामगाराचा निष्काळजीपणा." आम्ही जातीचा प्रश्न काढला की दुसरे वाक्य येते : "विजेला कुठे जात कळते?" ही दोन्ही वाक्ये आम्हाला मान्य नाहीत. का, ते सांगतो.

आधी पहिले. मोटारीतल्या वायरचे इन्सुलेशन खराब होते आणि करंट लोखंडी बॉडीत उतरतो. हा अर्थ फॉल्ट. अशा वेळी अर्थिंगच्या वायरमधून इतका मोठा प्रवाह ट्रान्सफॉर्मरकडे परत गेला पाहिजे की फ्यूज उडावा किंवा ब्रेकर पडावा. नुसता खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, प्लेट पुरली, पण ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत तारेची वाटच ठेवली नाही, तर काय होते? खड्ड्याचा रोध १० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा १ ओहम धरा. २३० व्होल्टला जेमतेम २१ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा ब्रेकर ढिम्म हलणार नाही आणि मशीनच्या बॉडीवर सुमारे २०९ व्होल्ट तसेच राहतील. त्या बॉडीला हात लावणाऱ्याने कोणता निष्काळजीपणा केला?

उपाय माहीत नाही असेही नाही. ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बाजारात मिळते. तीन फेजच्या मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत, हे नियमात लिहिलेले आहे. पण ओलाव्यामुळे ब्रेकर सारखा पडतो, उत्पादन थांबते, म्हणून तो बायपास होतो. जे उपकरण धोका ओरडून सांगते त्याचेच तोंड बंद केले जाते. हा हुकूम झाडूवाला देत नाही.

आता दुसरे वाक्य. वीज जात पाहत नाही, हे खरे. पण कामे वाटणारा पाहतो. जेटने फरशी धुणे, सांडपाण्याच्या टाकीत पंप सोडणे, जोड मारलेली केबल पाण्यातून ओढणे ही कामे कुणाच्या वाट्याला येतात, हे आमच्या वस्त्यांना विचारा. ओल्या अंगाचा रोध कमी होतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. जो पाण्यात उभा, तो आधी मरतो. आणि पाण्यात कोण उभा राहणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. जात ही कामाची नव्हे, कामगारांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. यंत्रे बदलली, विभागणी बदलली नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. कामगार आणि वीज यांचा विचार त्यांनी एकाच टेबलावर केला. आजचे सरकार काय करते? २०२० च्या सुरक्षा संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. म्हणजे लहान शेडमधला, सर्वात असुरक्षित कामगार त्या व्याख्येबाहेर ढकलला.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजा आणि आकडा गेटवर लावा. संरक्षण बायपास करणाऱ्या व्यवस्थापकावर गुन्हा दाखल करा. ओल्या जागेतली प्रत्येक जोडणी ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणाखाली आणा. अपघाताच्या चौकशीत मूळ मालकालाही जबाबदार धरा, ठेकेदाराच्या आड लपू देऊ नका.

आणि आमच्या तरुणांना एकच सांगणे : मशीनला हात लावण्याआधी अर्थिंगची वायर कुठे जाते ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर काम थांबवा. एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. संघटित व्हा, याचा कारखान्यातला अर्थ हाच आहे.

जयभीम!