दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट?

दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवून घ्यावे का, हा प्रश्न आता मीरा रोडच्या नया नगरसारख्या वस्तीतील कुटुंबांपुढेही सहज उभा राहतो. शस्त्रक्रिया एकच, फेऱ्या कमी, हे त्याचे आकर्षण आणि ते खरेही आहे. मात्र लगेच इम्प्लांट बसवले की हाड झिजत नाही, हा समज खरा नाही.

हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. पण हाड धातूला धरते, म्हणून ते पूर्वीइतकेच राहते असे नव्हे. मुळाभोवती हाडाचा एक पातळ थर असतो. दाताला धरून ठेवणारे तंतू त्यात रुजलेले असतात. दात गेला की तंतू जातात आणि हा थरही हळूहळू विरून जातो. वरच्या पुढच्या दातांपाशी ओठांकडील भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. म्हणून तेथे हानी अधिक दिसते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ रुग्णांच्या ताज्या खोबण्यांत इम्प्लांट बसवून चार महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडून पाहिली गेली. इम्प्लांटभोवतीची पोकळी नव्या हाडाने बरीचशी भरली होती. परंतु बाहेरच्या बाजूचे हाड रुंदीत सुमारे ५६ टक्के आणि आतल्या बाजूचे सुमारे ३० टक्के घटले होते. पुढच्या दाताबाबत याचा परिणाम म्हणजे हिरडी वर सरकणे आणि कधी धातूची करडी छटा दिसणे.

याचा अर्थ हा उपचार चुकीचा, असा नव्हे. बाहेरची भिंत शाबूत व जाड असेल, पू नसेल आणि इम्प्लांट पहिल्याच दिवशी हाडात घट्ट बसत असेल, तर तो योग्य ठरू शकतो. भिंत तुटलेली असल्यास सहा ते आठ आठवडे थांबून हिरडी भरून येऊ देणे अनेकदा हिताचे. अर्थात वर्षभर चालढकल करणेही बरे नव्हे. दाढेच्या रिकाम्या जागेची रुंदी तेवढ्या काळात जवळजवळ निम्मी होते.

संमती देण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. बाहेरच्या भिंतीची जाडी त्रिमितीय स्कॅनमध्ये पाहिली आहे का? पोकळीत हाडाची भुकटी भरणार का? इम्प्लांट पुरेसे घट्ट बसले नाही तर काय करणार? पुढील तपासण्या कधी? आपला मधुमेह, तंबाखू, मिश्री वा सिगारेटची सवय आणि हिरड्यांचा जुना आजार आपणहून सांगावा. या सर्वांनी हाडाची हानी वाढते. दुसरे मत हवे असल्यास मीरा रोडहून लोकलने थेट मुंबई सेंट्रलला उतरून नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात जाता येते.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतुसंसर्ग होतो, आणि सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. घासताना रक्त येणे ही पहिली खूण. ती दिसताच दाखवावे, आणि एरवीही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तपासण्या व एक्स-रे चुकवू नयेत.