मताची सोयरीक

आपल्या पोरांत हल्ली एक नवं शहाणपण शिरलंय. म्हणे लग्न माणसाशी करायचं, पक्षाशी नाही. मतं वेगळी असली तर असू देत, घरात राजकारण आणायचं नाही. कानाला गोड वाटतं. पण दोस्तांनो, हे बोलायला परवडतं कुणाला? ज्याच्या घरात राजकारण बोलावल्याशिवाय येत नाही त्याला. आपल्या घरात ते दार मोडून येतं. १९७४ च्या जानेवारीत ते वरळीच्या बीडीडी चाळींत दगड होऊन शिरलं आणि १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधवचा जीव घेऊन गेलं. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तर मराठवाड्यात आपल्या झोपड्या पेटल्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात ते पोलिसांची गोळी होऊन आलं, दहा माणसं गेली. असल्या वस्तीतल्या पोराला तुम्ही सांगणार, की राजकारण चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेव?

मत कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. एकाला लाल बावटा पटतो, दुसऱ्याला काँग्रेस. आपल्या रिपब्लिकन पक्षाचेच दुरुस्त आणि नादुरुस्त असे तुकडे झाले, आणि पुढे इतके गट झाले की मोजायला हातापायाची बोटं पुरायची नाहीत. त्यावरून सोयरीक मोडणारा येडाच. नवरा ह्या गटाचा, बायको त्या गटाची, खुशाल नांदा. पण राखीव जागा म्हणजे खैरात, खैरलांजी म्हणजे गावचं बांधाचं भांडण, असं ज्याच्या तोंडून येतं त्याचं ते मत नव्हे. त्याची तक्रार तुझ्या असण्याबद्दल आहे. तो प्रेमसुद्धा करील. लाडात येऊन म्हणेल, ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस.’ हे वाक्य कौतुक म्हणून गिळणाऱ्या पोरापोरींची मला दया येत नाही, राग येतो.

गोदीत दोन युनियनची माणसं एकाच टोळीत काम करतात. एकाचा हात निसटला तर दुसऱ्याच्या पायावर माल येतो, म्हणून एकमेकांना सांभाळतात. डबाही वाटून खातात. कोण कुणाचा ते संपाच्या दिवशी कळतं, गेटाच्या आत कोण आणि बाहेर कोण. आणि गोदीत निदान पाळी संपते, माणूस आपापल्या घरी जातो. लग्नाला पाळी नाही. म्हणून मत कुणाला देतेस हे विचारू नका. वस्तीवर दगड पडला तर पोलीस चौकीत माझ्या शेजारी उभी राहशील का, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत येशील का, पोराच्या दाखल्यावर जात लिहायची वेळ आली की आवाज खाली जाईल का, हे विचारा. आणि हेच तिने तुम्हाला विचारलं तर तोंड वाकडं करू नका.

आता दुसऱ्या बाजूचे. हे आपले कडवे. शत्रूच्या गोटातली मुलगी नको, विचार जुळत नाहीत, म्हणतात. वा रे विचार! ह्यांच्यातल्या किती जणांनी बघायला गेल्यावर पोरीला विचारलं, बाई तुझा विचार काय? पोटजात जुळली, नाक-डोळा बरा, पत्र्याखाली मांडव पडला. मांगाची पोर समोर आली, चांभाराची आली, की मात्र ह्यांना अचानक विचारधारा आठवते. बाबासाहेबांनी १९३६ ला जात-पात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं (मंडळ घाबरलं, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं), त्यात जातीवर खरा इलाज म्हणून बेटीव्यवहारच सांगितलाय. समोरच्याची मतं आधी सोवळ्यातून बाहेर येऊ देत, मग आम्ही लग्नं करू, असं म्हणत बसलात तर जात तुम्हाला हार घालील.

आणि राज्यकर्ते काय करतात ते बघा. १३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न केलेल्यांची माहिती गोळा करायला समिती काढली. ओरड झाली, तेव्हा दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द गाळला. आंतरधर्मीय राहिलेच. आमचे पुढारी त्याहून पुढचे. ज्यांच्याशी वरळीत डोकी फुटली त्यांच्याशी २०११ ला शिवशक्ती-भीमशक्ती म्हणून सोयरीक झाली. तिथे कुणी विचार जुळतात का विचारलं नाही. जागावाटपात गाठ बांधली की ते राजकारण, आणि वस्तीतल्या पोराने बाहेरची बायको केली की ती गद्दारी!

माईसाहेबांचं काय केलंत? सारस्वत ब्राह्मणाची मुलगी, डॉक्टर, १५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांशी लग्न, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांच्याबरोबर दीक्षा. तिचे विचार विरोधी नव्हते, जन्म विरोधी होता. बाबासाहेब गेले आणि आपल्याच माणसांनी तिच्यावर संशयाचं बोट ठेवलं, वर्षानुवर्षं तिला बाहेर ठेवलं. जन्मावरून माणूस ओळखायचा हा धंदा आपण कुणाकडून शिकलो?

बरं, विचार जुळले म्हणजे भागलं का? मल्लिका अमर शेख ही कम्युनिस्ट शाहिराची लेक, नवरा पँथरचा संस्थापक. दोघंही उजेडाच्या बाजूचे. आणि तिने १९८४ ला ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिलं. ज्याने वाचलं नसेल त्याने आधी वाचावं, मग विरोधी विचाराच्या बायकोवर बोलावं. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला झालं. जोतीबांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरी मांडवातच बायकांच्या हक्काचं विचारते आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. आपण जोतीबांचा फोटो मंचावर लावतो आणि नवरीला खाली मान घालून बसवतो. मग तिचं मत आपल्या मताविरुद्ध आहे हे कळणार कधी? पाच वर्षांनी, चुलीपाशी, थोबाडीत मारताना.

येत्या १४ एप्रिलची वर्गणी मागायला मंडळाची माणसं येतील तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. पावती फाडायच्या आधी सांगा, मंडळाच्या कार्यकारिणीत बाया किती, आणि तुमच्यातल्या कितीजणांच्या घरी दुसऱ्या जातीतून आलेली सून मंचावर बसून माइक हातात घेते. आकडा सांगा, मग किती द्यायचे ते मी बघतो.