प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी पातळीबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई.

विषय : वसई-विरारमधील महाविद्यालयांत प्रवेशानंतर इंग्रजीची पातळी तपासून त्यानुसार वर्ग लावण्याबाबत.

महोदय,

आमच्या भागातील महाविद्यालयांत कामण-पारोळ पट्ट्यातील आदिवासी मुले, किनाऱ्यालगतच्या गावांतील कादोडी व वाडवळी बोलणारी मुले, नालासोपाऱ्यातील हिंदी, गुजराती, उर्दू माध्यमाची मुले आणि इंग्रजी माध्यमाची मुले एकत्र येतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे राज्य मंडळातून आलेला विद्यार्थी कागदोपत्री बारा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. प्रत्यक्षात कोणी इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचतो, तर कोणाला स्वतःविषयी चार वाक्ये बोलता येत नाहीत.

बारावीच्या गुणांवरून हा फरक कळत नाही. इंग्रजीच्या १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेला असतात आणि तयार उत्तरे पाठ करून त्यातले बरेच मिळवता येतात. माध्यमावरूनही अंदाज चुकतो. मराठी माध्यमाची मुलगी उत्तम वाचते पण वर्गात गप्प बसते. इंग्रजी माध्यमाचा मुलगा धडाधड बोलतो, पण परिच्छेद लिहिताना अडखळतो. नव्या शैक्षणिक धोरणात भाषा हा क्षमतावर्धनाचा विषय आहे. आधीची क्षमता तपासलीच नाही, तर वर्धन कशाचे करणार?

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यात श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशी विनाशुल्क चाचणी घ्यावी. सूचना मराठी व हिंदीतही द्याव्यात.
२. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ए१ ते सी२ या सहा पातळ्यांचा आधार घेऊन पायाभूत, मध्यम व प्रगत असे तीन वर्ग करावेत.
३. केवळ गुण, माध्यम किंवा प्रवर्ग पाहून कोणाचीही पातळी ठरवू नये.
४. सहा आठवड्यांनी फेरतपासणी करून वर्ग बदलण्याची मुभा द्यावी.
५. सत्र परीक्षा व श्रेयांक सर्वांना समान ठेवावेत. गुणपत्रिकेवर पातळीचा उल्लेख नसावा.
६. पायाभूत वर्गात तीसहून अधिक विद्यार्थी नसावेत. जादा तासिका नियमित वेळापत्रकातच बसवाव्यात. डहाणू मार्गावरच्या गाड्या आणि पूर्वेकडील गावांच्या बस गाठणाऱ्या, तसेच दुपारनंतर नोकरी करणाऱ्या मुलांना संध्याकाळी थांबता येत नाही.
७. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जादा मानधनाचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टाकू नये.

येत्या शैक्षणिक वर्षाचे वर्ग सुरू होण्यापूर्वी याबाबत परिपत्रक काढावे आणि चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
वसई-विरारमधील विद्यार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. सहसंचालक, उच्च शिक्षण, कोकण विभाग, पनवेल.