यंत्राची निवड कोणाच्या हाती?
बुलढाणा जिल्ह्यात विहिरीत पडून मणका मोडलेल्या शेतमजुराने स्नायूंना वीज देणारे कोणते यंत्र घ्यावे, हे दुकानदाराने ठरवावे काय? यंत्राने तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही. स्नायूंची झीज तेवढी कमी होते. स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू शाबूत असतील तरच साधे यंत्र चालते. ते मेलेले असल्यास दीर्घ स्पंदांचे निराळे यंत्र लागते. बधिर कातडीला तर चटकाही कळत नाही. तेव्हा तपासणीवाचून केलेली खरेदी म्हणजे कर्जाचे पैसे बुडवणे होय. गोपीनाथ मुंडे अपघात योजना सातबारा असलेल्या कुटुंबांपुरती, भूमिहीन तिच्याबाहेर. जिल्हा रुग्णालयातच तपासणी व्हावी आणि योग्य यंत्र विनामूल्य मिळावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.