लग्नानंतर गाव बदलतं, कागद मागेच राहतात

शाहूपुरीतून स्टेशन जवळ, मध्यवर्ती बसस्थानकही जवळ. इथल्या मुलीची सासरची वाट बहुतेक वेळा या दोनपैकी एका ठिकाणाहून सुरू होते. पूर्वी ती वाट इचलकरंजी, मिरज, निपाणी, फार तर सोलापूरपर्यंत जायची आणि तिथे एक भरलं घर वाट पाहत असायचं. आता सासर कागलचं असलं तरी नवरा चाकणच्या कारखान्यात, हडपसरच्या ऑफिसात किंवा मुंबईच्या दुकानात असतो. वलीमा उरकला की आठ-पंधरा दिवसांत दोघं बॅगा भरतात आणि भाड्याच्या वन रूम किचनमध्ये संसार मांडतात.

या पहिल्या वर्षाबद्दल आपण फार कमी बोलतो. हॉल, जेवण, कपडे, फोटो यांची चर्चा सहा-सहा महिने चालते. रुख्सतीच्या दुसऱ्या दिवसापासून काय होतं, हे मात्र त्या दोघांवर सोडून दिलं जातं. खरं तर सगळ्या उलथापालथी त्याच वर्षात होतात. घर शोधावं लागतं आणि आडनाव ऐकून 'आत्ताच दुसऱ्यांना दिलं' असं उत्तर मिळतं. तिची नोकरी सुटते किंवा नवी शोधावी लागते. कुणीतरी आजारी पडतं. कधी वर्षाच्या आतच बाळाची चाहूल लागते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की पुन्हा टेम्पो बोलवावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्षात प्रेमाइतकीच, सासू-सासऱ्यांच्या दुआइतकीच कागदांची गरज असते. आणि ती गरज सर्वांत जास्त घर सोडून आलेल्या मुलीला असते.

केंद्र सरकारच्या 2020-21 च्या पाहणीनुसार देशातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी सुमारे 87 टक्के स्त्रियांनी लग्नामुळे गाव सोडलं. म्हणजे या देशातलं सर्वांत मोठं स्थलांतर नवरीच्या गाडीतून होतं. पण त्याला आपण स्थलांतर म्हणत नाही, 'पाठवणी' म्हणतो. त्यामुळे त्या मुलीचं मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता आणि बँकेचं खातं माहेरच्या गल्लीत तसंच राहतं. सहा महिन्यांनी माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी होतं, सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं आणि भाड्याच्या घराच्या करारावर फक्त नवऱ्याची सही असते. संसार करणारी बाई त्या शहरात कुठल्याच कागदावर नसते.

याची किंमत किती मोठी असू शकते हे आसामने दाखवून दिलं. तिथे नागरिक नोंदणीच्या वेळी लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या लाखो स्त्रियांकडे माहेरशी नातं सांगणारा एकच कागद होता, ग्रामपंचायतीचा दाखला. तो धरायचा की नाही हा वाद 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो दाखला चालेल असं सांगितलं, पण तोवर त्या बायकांनी किती रात्री जागून काढल्या असतील याची कल्पना करा. महाराष्ट्र म्हणजे आसाम नव्हे, हे मान्य. तरीही लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव आणि दोन गावांचे पत्ते यांचा मेळ बसत नाही, हा अनुभव आपल्या घराघरात आहे.

आपल्यासाठी एक जुनं उदाहरण आहे. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठीत लिहिणारे. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू माध्यमात शिकलेल्या. 1956 मध्ये दोघांचा निकाह झाला आणि त्यानंतर महिनाभरात दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. संसार मुंबईत मांडला. पुढे हमीद पूर्णवेळ लेखनाकडे आणि समाजकार्याकडे वळले, तेव्हा मेहरुन्निसांच्या नोकरीवर घर चाललं. 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, 1977 मध्ये हमीद गेले. शाहबानो प्रकरणानंतरच्या गदारोळात कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा निघाला, त्यात मेहरुन्निसा होत्या. त्यांचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन मराठीत आहे, जरूर वाचा.

दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटली पाहिजेत असं नाही. मला इथे त्यांच्या लग्नातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी निकाह टाळला नाही आणि निकाहावर थांबलेही नाहीत. घरच्यांचा मान राखला आणि बायकोचा हक्क सरकारी वहीतही लिहिला. तेही लग्नाला एक महिना होण्याच्या सुमारास, भांडण किंवा गरज उभी राहण्याची वाट न पाहता. जवळजवळ 70 वर्षांपूर्वी हे जमलं, तर आज मोबाईलवर अर्ज भरता येत असताना का जमू नये?

आता कामाचं बोलू. पहिल्या वर्षात काय काय करायचं?

पहिलं म्हणजे निकाहनाम्याची प्रत मुलीच्या हातात हवी. अनेक घरांत ती सासऱ्यांच्या कपाटात असते आणि मुलीने ती वाचलेलीही नसते. मेहर किती ठरली, त्यातली लगेच किती दिली आणि नंतर किती द्यायची, हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं असावं. मेहर फक्त तिची असते. ती 'माफ करून घेण्याची' जी पद्धत पडली आहे, तिला पहिल्याच वर्षी नकार द्या. माहेरहून आलेल्या भेटवस्तूंची सही केलेली यादी ठेवावी असं हुंडाबंदी कायद्याखालचे 1985 चे नियमही सांगतात.

दुसरं, लग्नाची नोंदणी. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या लग्नाची नोंद 90 दिवसांत करायची असते. शहरात ती महापालिकेकडे होते. उशीर झाला तर जादा शुल्क भरून करता येते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असं राज्यांना सांगितलं. या नोंदणीने तुमचा निकाह बदलत नाही आणि शरीअतचे वारसा नियमही बदलत नाहीत. सरकारदरबारी फक्त एवढंच लिहिलं जातं की हे दोघं नवरा-बायको आहेत.

विशेष विवाह कायद्याची गोष्ट वेगळी आहे. झालेला निकाह त्या कायद्याच्या कलम 15 खाली नोंदवता येतो. दोघांचंही वय 21 पूर्ण हवं आणि 30 दिवसांची नोटीस लागते. त्यानंतर मात्र वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो आणि घटस्फोट न्यायालयातूनच होतो. काही जोडप्यांना हेच हवं असतं, काहींना नको असतं. दोघांनी मिळून, समजून ठरवावं.

तिसरं, घर. भाडेकरारावर दोघांची नावं घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मालक 'तोंडी राहा, नोंदणी नको' म्हणत असेल तर सावध व्हा. हाच करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. शिवाय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बायकोला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. 'माझ्या घरातून निघ' हे वाक्य कायद्याला मान्य नाही.

चौथं, मतदार यादी. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरायचा असतो, त्याला पैसे लागत नाहीत. पाचवं, तिचं स्वतःचं बँक खातं चालू ठेवा आणि त्यात थोडे का होईना पैसे राहू द्या. आणि एक गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. दहावीच्या गुणपत्रिकेपासून पासपोर्टपर्यंत वडिलांचं नाव असेल तर तेच पुढे चालू द्यायला काहीच हरकत नाही. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदला. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवू नका.

यावर एक आक्षेप हमखास येतो. 'सुरुवातीलाच कागद मागायचे म्हणजे विश्वास नाही का?' हा प्रश्न मुलीला गप्प बसवायला वापरला जातो, म्हणून त्याचं उत्तर मुलांनी द्यायला हवं. निकाह हा मुळात दोन गवाहांसमोर केलेला करार आहे. त्यात तिला विचारतात, तिची कबुली घेतात, रक्कम ठरवतात, सही घेतात. देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवावा हा आग्रह कुराणातच आहे. मग लिहिण्याला अविश्वास म्हणायची पद्धत आपण आणली कुठून? ज्याची नियत साफ आहे, त्याला लिहायला संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की परक्या शहरात आधीच इतके त्रास आहेत, त्यात ऑफिसांचे हेलपाटे कोण घालणार? हे खरं आहे. रजा मिळत नाही, खिडकीवरचा माणूस नीट बोलत नाही, एका फेरीत काम होत नाही. म्हणूनच हे काम एकट्या जोडप्यावर सोडू नये. आपल्या जमातीच्या कमिट्या हॉल स्वस्तात देतात, सामुदायिक निकाह लावतात. त्याच कमिट्यांनी निकाहाच्या दिवशीच नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा. काझी आणि गवाह सगळे तिथेच असतात, सह्या तिथेच होतील. पुण्या-मुंबईत आधी गेलेल्या दहा-वीस जोडप्यांचे नंबर नव्या जोडप्याला द्यावेत. घर कुठे मिळतं, कुठलं हॉस्पिटल बरं, अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

शाहूपुरीला हे नवं नाही. 1895 मध्ये शाहू महाराजांनी ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी वसवली, बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलावलं. नव्याने आलेल्याला पाय रोवता यावेत म्हणून शहराने व्यवस्था केली, तेव्हा ही वस्ती उभी राहिली. त्याच राजाने 1906 मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. पुढे 1917 ते 1919 च्या दरम्यान संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला, जातीबाहेरच्या विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि घरात बाईचा छळ करणाऱ्याविरुद्धही कायदा केला. लग्न ही घरातली गोष्ट असली तरी तिच्यामागे राज्याचं संरक्षण हवं, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

ज्यांचं लग्न या वर्षात झालं आहे, त्यांनी येत्या रविवारी दोघांनी मिळून एक फाईल करा. निकाहनामा, विवाह प्रमाणपत्र, भाडेकरार, दोघांची ओळखपत्रं, भेटवस्तूंची यादी, सगळं एकत्र लावा. जे नाही ते लिहून काढा आणि महिन्याला एक याप्रमाणे पूर्ण करा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा, एक घरात आणि एक तिच्या माहेरी ठेवा. मोबाईलमध्ये फोटो दोघांकडेही हवेत.

आणि ज्यांच्या घरातली मुलगी नुकतीच परगावी गेली आहे, त्यांनी पुढच्या फोनवर 'जेवलीस का, बरी आहेस ना?' एवढंच विचारून थांबू नका. 'बेटा, लग्नाची नोंद झाली का? करारावर तुझं नाव आहे का?' हेही विचारा.