उपटण्याचीही सेवा

झाड लावणें हें पुण्यकर्म होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. १९५० सालीं सुरू झालेल्या वनमहोत्सवानें ही समजूत घरोघर पोहोंचविली. ती खोटी नाहीं, परंतु अपुरी आहे.

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत सोनोरन नांवाचें वाळवंट आहे. तेथील सग्वारो हा निवडुंग ४० फुटांहूनही उंच वाढतो. परंतु त्यास पहिली फांदी फुटावयास बहुधा ५० ते ७५ वर्षें लागतात. गेल्या शतकांत गुरांच्या चाऱ्यासाठीं व मातीची धूप थांबविण्यासाठीं आफ्रिकेंतील बफेल नांवाचें गवत तेथें आणण्यांत आलें. हेतु चांगला होता. मूळच्या वाळवंटांत झुडपाझुडपांमध्यें मोकळी जागा असे, त्यामुळें वणवा पसरत नसे. ती जागा या गवतानें भरून काढली, आणि ज्यास अग्नीची संवय नाहीं तो निवडुंग वणव्यांत मरूं लागला.

म्हणून टक्सन शहराजवळील स्वयंसेवक पहारी घेऊन डोंगरउतारांवर जातात व तें गवत मुळासकट उपटतात. त्याचें बीं मातींत कांहीं वर्षें जिवंत राहतें. त्याच जागीं पुनःपुन्हां जावें लागतें. दाखविण्यास हातीं एक रोपटेंही उरत नाहीं. उरतें तें मूळचें वाळवंट.

आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. अमेरिकेंतून आलेल्या घाणेरीनें आमचीं कितीतरी रानें व्यापिलीं आहेत. उलट, माळरानास आपण ‘पडीक’ म्हणतों व तेथें खड्डे खणून झाडें लावितों. परंतु सोलापूरजवळील नान्नजसारखें उघडें माळरान हेंच माळढोक पक्ष्याचें घर आहे. तेथें दाट झाडी करणें म्हणजे त्यास घराबाहेर काढणें होय.

कोणी म्हणेल, रोप लावण्यांत मुलांना जो आनंद आहे तो तण उपटण्यांत कोठून येणार? आनंद हवाच. परंतु जी सेवा आपल्या आनंदापुरतीच पाहते, ती एका दिवसांत संपते. ज्याची सेवा करावयाची त्याची गरज आधीं विचारणें, हा सेवेचा पहिला नियम माणसांस लागू आहे, तसाच भूमीसही.

यास्तव विद्यार्थ्यांनीं कुदळ उचलण्यापूर्वीं गांवच्या वृद्धांस व मेंढपाळांस विचारावें : येथें पूर्वीं काय उगवत असे? मग जाणत्यांच्या देखरेखीखालीं व वनखात्याच्या अनुमतीनें काम करावें. पालकांसही विनंती कीं, मुलगा रानांतून परत आल्यावर ‘किती झाडें लावलींस?’ एवढेंच न विचारतां, ‘आज काय ओळखावयास शिकलास?’ असेंही विचारावें.