नाही म्हणण्याचा अधिकार

बँकेच्या वार्षिक अहवालात ठेवींचा आकडा असतो, कर्जांचा असतो, नफ्याचा आणि थकबाकीचा असतो. न घडलेल्या अफरातफरीचा आकडा मात्र कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. कर्ज विभागाचा प्रमुख वर्षअखेरीस आपण किती कोटींची कर्जे वाटली ते सांगू शकतो. अनुपालन विभागाच्या प्रमुखाने वर्षभर काय केले, हे विचारले तर त्याला प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की, काही झाले नाही. आणि काहीच झाले नसेल तर या विभागावर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न संचालकांच्या बैठकीत कोणी तरी विचारतोच. आर्थिक गुन्ह्यांना आळा घालण्याच्या साऱ्या व्यवस्थेचे दुखणे या प्रश्नात आहे.

काळ्या पैशाच्या शुद्धीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा संसदेने २००२ साली संमत केला आणि तो १ जुलै २००५ पासून अमलात आला. या कायद्याखालील नियमांनुसार प्रत्येक बँकेला एक प्रमुख अधिकारी नेमावा लागतो. दहा लाख रुपयांवरील रोखीचे व्यवहार, तसेच रक्कम कितीही असली तरी संशयास्पद वाटणारे व्यवहार, त्याने केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवावयाचे असतात. ज्याच्याविषयी कळविले त्या खातेदाराला त्याची चाहूलही लागू देता येत नाही. आपण दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे पुष्कळदा त्या अधिकाऱ्यालाही समजत नाही. थोडक्यात, ज्याचे यश दिसत नाही आणि ज्याला आपले काम चारचौघांत सांगताही येत नाही, अशा माणसाच्या हाती कायद्याने ही राखण सोपविली आहे.

या राखणीचे प्रत्यक्ष स्वरूप बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. संगणक दररोज ठरावीक निकषांवर व्यवहार वेगळे काढतो आणि त्यांची यादी विभागातील तरुण कर्मचाऱ्यांपुढे येते. त्यांतील बहुसंख्य व्यवहार निर्दोष असतात. कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे बिल जमा झाले की खात्यांत एकदम मोठ्या रकमा दिसू लागतात. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या व्यापाऱ्याची रोकड वाढते, वऱ्हाडात कापसाच्या वेळी तेच घडते. लग्नसराई आहे, जमिनीची विक्री आहे, सोनेतारण आहे. ज्या तरुणाला गावचे अर्थकारण माहीत नाही त्याला यांतील प्रत्येक गोष्ट संशयास्पद वाटेल. उलट, दिवसाला अमुक इतकी प्रकरणे निकालात काढलीच पाहिजेत असा ज्याच्यामागे तगादा आहे, तो प्रत्येकावर ‘आक्षेपार्ह काही नाही’ असा शेरा मारून मोकळा होईल. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या माणसांना उभे करणे, हे विभागप्रमुखाचे खरे काम होय. कोणते प्रकरण का मिटविले याची कारणे लेखी ठेवावयास लावणे, शंका घेणाऱ्या कनिष्ठाची शाखाधिकाऱ्याच्या दूरध्वनीपासून राखण करणे, आणि खातेदार बडा आहे म्हणून फाइल वर पाठविताना हात आखडू लागला तर तो आखडू न देणे, या गोष्टी कोणत्याही परिपत्रकात तपशिलाने लिहिता येत नाहीत.

हे काम पोटतिडकीने केले जाते की उरकले जाते, यावर सामान्य माणसाचे किती अवलंबून आहे, हे अलीकडच्या फसवणुकींवरून कळते. ‘डिजिटल अटक’ या नावाने निवृत्त शिक्षकांना, वृद्ध दांपत्यांना धाक घालून त्यांची आयुष्याची पुंजी काढून घेतली जाते. तो पैसा चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. चार-पाच हजार रुपयांच्या मोबदल्यात एखाद्या विद्यार्थ्याचे, रोजंदारीवरील मजुराचे खाते भाड्याने घेतलेले असते. शिष्यवृत्तीच्या चार पैशांपलीकडे ज्या खात्यात कधी काही आले नाही, त्यात एका दुपारी लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत दहा दिशांना पांगतात. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राने तयार केलेल्या यंत्रणेची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. यंत्रणा उत्तम असेल. पण ती बोट दाखविते, खाते गोठविण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो त्याच दुपारी घ्यावा लागतो. येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. खाते भाड्याने देणारा विद्यार्थी स्वतःला साक्षीदार समजतो. पोलीस त्याला आरोपी समजतात.

नव्या युगाची म्हणून सांगितली जाणारी ही युक्ती वस्तुतः जुनीच आहे. २४ मे १९७१ रोजी दिल्लीतील स्टेट बँकेच्या पार्लमेंट स्ट्रीट शाखेत दूरध्वनी खणखणला. पलीकडचा आवाज पंतप्रधानांचा आहे असे मुख्य रोखपालाला सांगण्यात आले, आणि त्याने तिजोरीतून साठ लाख रुपये काढून एका अनोळखी गृहस्थाच्या स्वाधीन केले. नगरवाला प्रकरण म्हणून ते देशभर गाजले, पुढे त्यावर चौकशी आयोगही बसला. आयोगानंतरही त्या प्रकरणाविषयीचे कुतूहल संपले नाही. ते बाजूला ठेवू. बँक-व्यवहाराच्या दृष्टीने त्यातली बाब एकच आहे. लेखी आदेश नसताना एवढी रक्कम तिजोरीबाहेर जाऊ शकली, आणि ‘थांबा’ म्हणणे हे ज्याचे काम आहे असा माणूस त्या वाटेवर कोठेच उभा नव्हता.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यातही हेच दिसले. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर जानकीरामन यांच्या समितीने जे उघड केले त्यात बँक ऑफ कऱ्हाड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी पाठीशी रोखे नसताना दिलेल्या पावत्यांचा भाग मोठा होता. नामवंत बँकांनी त्या कोऱ्या भरवशावर स्वीकारल्या, कारण व्यवहारात नफा होता. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचा व्यवहार बाहेर आला. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून जात होते आणि ती यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबाशी जोडलेलीच नव्हती. त्यामुळे जगाला दिलेली हमी बँकेच्या स्वतःच्या वहीत दिसत नव्हती. या यंत्रणेच्या गैरवापराच्या धोक्याविषयी ऑगस्ट २०१६ पासून निदान तीनदा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. परिपत्रक आले, त्याची पोच दिली गेली आणि फाइल बंद झाली; अनुपालन म्हणजे पोच देणे, अशी समजूत रूढ झाली की यापेक्षा वेगळे घडण्याचे कारण नाही. हा आकडा प्रथम सुमारे अकरा हजार चारशे कोटी सांगितला गेला, पुढे तो तेरा हजार कोटींवर गेला.

बँकांचे व्यवस्थापक यावर जे उत्तर देतात त्यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने तथ्य आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. अनुपालनाचा खर्च बँकेला करावा लागतो. न केल्याचे नुकसान बहुधा दुसऱ्याच कोणाचे होते. लुबाडला गेलेला वृद्ध दुसऱ्या बँकेचा खातेदार असतो. कारखान्याने सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडावे, खर्च वाचवावा आणि आजार खालच्या गावाने भोगावा, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेतील टीडी बँकेने याचा कळस गाठला. कॅनडातील टोरांटो-डॉमिनियन बँकेची ही शाखा. विभागांचा खर्च वर्षागणिक वाढू द्यावयाचा नाही, हे तेथील धोरण आणि अनुपालन विभागही त्यातून सुटलेला नव्हता. परिणामी जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२४ या काळात बँकेतून झालेल्या व्यवहारांच्या रकमेपैकी सुमारे ९२ टक्के रकमेवर कसलीही देखरेख नव्हती. एका टोळीने सत्तेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम या बँकेतून फिरविली आणि कर्मचाऱ्यांना भेटकार्डे वाटली. ‘अमेरिकेतील सर्वांत सोयीची बँक’ हे तिचे घोषवाक्य. त्यावर बँकेच्याच कर्मचाऱ्यांनी केलेले विनोद पुढे तपासात सापडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेने गुन्हा कबूल केला आणि तीन अब्ज डॉलरांहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले. वाचविलेल्या पगाराच्या कितीतरी पट ही रक्कम आहे, हे खरे; पण पगार ज्यांनी वाचविला आणि दंड ज्यांनी भरला, ते एकच नव्हेत.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ११ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने मुख्य अनुपालन अधिकाऱ्याच्या पदाला काही संरक्षणे दिली. ती वाचताना ज्यांनी ती लिहिली त्यांना रोगाची नस सापडली होती, हे जाणवते. नेमणूक किमान तीन वर्षांची असावी. मुदतीपूर्वी बदली वा हकालपट्टी अपवादात्मक परिस्थितीत, संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीनेच व्हावी आणि रिझर्व्ह बँकेला आधी कळवून व्हावी. त्याच्यावर धंद्याचे कोणतेही लक्ष्य लादू नये, धंदा आणणाऱ्या विभागाच्या हाताखाली त्याला ठेवू नये. तो व्यवस्थापकीय संचालकाच्या हाताखाली असेल तर लेखापरीक्षण समितीने दर तीन महिन्यांनी, वरिष्ठ व्यवस्थापनापैकी कोणी हजर नसताना, त्याची एकट्याची भेट घ्यावी. ही शेवटची तरतूद सर्वांत मोलाची आहे. साहेबांसमोर साहेबांविषयी बोलता येत नाही, हे कोणत्याही कचेरीतील कारकुनाला शिकवावे लागत नाही. ते नियमाच्या भाषेत उतरले, हे विशेष. मात्र पगारवाढीच्या आणि बढतीच्या वेळी या अधिकाऱ्याचे मूल्यमापन कशावर होते, हे बाहेरच्यांना कधीच दिसत नाही. शेजारच्या कर्ज विभागाला बक्षिशी आणि याला ‘अडवणूक करणारा’ हा शिक्का, अशी वाटणी असेल तर तीन वर्षांची हमी फार तर मुकाट बसण्याची तीन वर्षे देईल.

दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. दंडाच्या भीतीने बँका साप समजून भुई धोपटू लागल्या की चोर सुटतो आणि संन्याशाला फास बसतो. निवृत्तिवेतनधारकाने तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा आणून द्यावयाची, नावातील एका वेलांटीसाठी खाते अडकावयाचे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कमी जोखमीच्या ग्राहकाची ओळख दहा वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाची दोन वर्षांनी पडताळावी, असा फरक रिझर्व्ह बँकेने केला, तो याचसाठी. शाखेत मात्र सर्वांना एकच रांग असते. संशयाचे अहवालही असेच भाराभर पाठविले तर सुईभोवती गवताची गंजी तेवढी वाढते. चांगला विभागप्रमुख अहवालांच्या संख्येने ओळखला जात नाही. कोणत्या दहा प्रकरणांवर आपली उत्तम माणसे लावावयाची हे ठरविण्याचे धैर्य त्याला असावे लागते, कारण उरलेल्यांपैकी एखादे उद्या बोकांडी बसू शकते.

महाराष्ट्राचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे नागरी सहकारी बँकांचे जाळे दाट आहे आणि शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार हेच त्यांचे ठेवीदार. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला आरंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम उद्योगसमूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती उभी केल्याचा आरोप पोलीस फिर्यादीत आहे. एवढी खाती एका रात्रीत आणि एका हाताने उघडली जात नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांहून मोठी ठेव असलेल्यांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली.

सहकारी बँकांसाठी मुख्य अनुपालन अधिकाऱ्याचे परिपत्रक सप्टेंबर २०२२ मध्ये निघाले, पण ते हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांपुरते. तालुक्याच्या गावातील लहान बँकेत हे काम लेखा विभागातील एखादा अधिकारी इतर चार कामांबरोबर पाहतो. संचालक निवडून आलेला असतो, कर्जदार त्याच्या पॅनेलचा असतो आणि अधिकाऱ्याच्या मुलाची नोकरी त्याच गावातील संस्थेत असते. लहान बँकेला स्वतंत्र अधिकारी परवडत नाही, हे मान्य केले तरी पाच-सहा बँकांनी मिळून एक विभाग चालविणे अशक्य नाही. २०१९ साली रिझर्व्ह बँकेने मंजुरी दिलेल्या नागरी बँकांच्या छत्रसंस्थेकडून ही अपेक्षा ठेवता येईल. तोवर सभासदांच्या हाती वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. ती ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाची असते. तेथे लाभांश किती आणि भेटवस्तू कोणती यावर तासभर चर्चा होते. संशयास्पद व्यवहार पाहणारा अधिकारी कोण, तो त्या जागी किती दिवस आहे आणि गेल्या वर्षात लेखापरीक्षण समिती त्याला एकट्याला किती वेळा भेटली, हे तीन प्रश्न विचारावयास पाच मिनिटे पुरतील.